कुणाचा रे तूं ?

कोंकणांतल्या कोणत्याहि खेड्यांत अनोळखी मुलगा वाटेनें जातांना दिसला कीं, ओटीवर बसलेल्या वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडून एक प्रश्न हटकून बाहेर पडतो : "कुणाचा रे तूं ?" त्याचें नांव काय, तो शिकतो कीं कमावतो, त्याला तहान लागली आहे कीं काय, या साऱ्या गोष्टी मागाहून. आधीं तो कुणाचा तें कळलें पाहिजे. मुलगाहि या प्रश्नानें गोंधळत नाहीं. बापाचें नांव, आळीचें नांव, फार तर आजोळचें घराणें, एवढें त्यानें सांगितलें कीं विचारणाराच्या चेहऱ्यावर समाधान पसरतें. फडताळांतली वस्तु जिथल्या तिथें ठेवून झाल्यावर गृहिणीला वाटतें, तसलें तें समाधान असतें.

दिवेआगर हें माझें गांव. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यांत, समुद्राच्या अगदीं कुशींत वसलेलें. बाहेर चार-पांच किलोमीटर लांबीची पुळण, तिच्या आंतल्या अंगाला सुरूचें बन, आणि त्याच्याहि आंत नारळी-पोफळींच्या वाड्या. घरें या वाड्यांत लपलेलीं. शहरांतल्या एका महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवण्यांत माझीं तीसएक वर्षें गेलीं. पण सुट्टी लागली कीं पाय इकडेच वळतात, कारण आई येथें राहते. अजूनहि एखादा वृद्ध गृहस्थ मला वाटेंत थांबवतो, कपाळावर आडवा हात धरून न्याहाळतो आणि तोच प्रश्न करतो. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाला क्षणार्धांत अर्ध्या चड्डींतला पोर करून सोडण्याची शक्ति त्या तीन शब्दांत आहे. आणि खरें सांगायचें तर मला ती आवडते.

या प्रश्नाला नांवें ठेवणें सोपें आहे. पण त्यानें कोंकणच्या माणसाला पुष्कळ तारलें आहे. एके काळीं बोटीनें भाऊच्या धक्क्यावर उतरलेला मुलगा काखेंत वळकटी आणि डोळ्यांत भीति घेऊन गिरणगांवांतल्या गांवकऱ्यांच्या खोलीच्या दाराशीं उभा राही. आंतून हाच प्रश्न येई. उत्तर बरोबर आलें कीं भिंतीशीं वळकटीपुरती जागा होई, दोन वेळच्या जेवणाची सोय होई, आणि महिन्या-दोन महिन्यांत गिरणींत नाहीं तर दुकानांत चिकटवून देणाराहि कुणीतरी निघे. आज ज्याला आपण जड शब्दांत सामाजिक सुरक्षितता म्हणतों, ती आमच्या मागल्या पिढ्यांना या प्रश्नाच्या उत्तरांत मिळत होती.

परंतु या दयेला एक अट होती. उत्तर बरोबर यावें लागे. ओळखीच्या माणसानें केलेला उपकार हा बहुधा एका न लिहिलेल्या खातेवहींतला असतो. मुंजींतला आहेर, बारशाचें झबलें, आजारपणांत पाठवलेला मऊ भात, शाकारणीच्या दिवशीं दिलेला हात, यांतलें कांहीं कागदावर चढत नाहीं आणि कांहीं विसरलेंहि जात नाहीं. त्यांत वाईट असें कांहीं नाहीं; संसार अशा देण्याघेण्यावरच चालतात. पण ज्याचें खातेंच नाहीं, त्याचें काय ? शिवाय "तूं कुणाचा" हें कळल्यावर केवळ मुलाचें घर कळत नसे. त्यानें आपल्या घरांत कुठवर यावें तेंहि त्याच उत्तरानें ठरे. कुणी अंगणांत थांबावें, कुणी ओटीवर बसावें, कुणाला पडवीची मुभा, आणि माजघराचा उंबरा कुणी ओलांडावा, याची एक मोजणी प्रत्येक घराला तोंडपाठ होती. आणि सर्वांत कडक पहारा होता तो पाण्यावर.

महाड हें आमच्याच जिल्ह्यांतलें गांव. जिल्ह्याचें नांव त्या वेळीं कुलाबा होतें. रायगड हें नांव १९८१ सालीं आलें. महाडच्या चवदार तळ्याचें पाणी २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आणि त्यांच्यामागून आलेल्या जनसमुदायानें ओंजळींत घेतलें. नगरपालिकेनें तें तळें सर्वांना मोकळें केल्याचा ठराव त्यापूर्वीं तीन वर्षें, १९२४ सालीं, केलेला होता. पण ठराव कागदावर आणि पाणी तळ्यांत, अशी स्थिति होती; दोहोंच्या मध्यें आमचा हा प्रश्न उभा होता. गुरेंढोरें जेथें पाणी पीत, तेथें माणसाला मात्र आधीं "तूं कुणाचा" याचें उत्तर द्यावें लागे. त्या दिवसानंतर सनातनी मंडळींनीं तें तळें 'शुद्ध' करून घेतलें, प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल सत्याग्रहींच्या बाजूनें लागला तो १७ मार्च १९३७ रोजीं. माणसाचा हात पाण्याला लागावा कीं लागूं नये, एवढें ठरायला दहा वर्षें लागलीं. माझ्या आईचा जन्म त्याच वर्षाचा. म्हणजे कायद्यानें पाणी मोकळें झालें तेव्हां ती पाळण्यांत होती. पण ज्या घरांत ती वाढली त्या घरचें पाणी त्या निकालानंतरहि पुष्कळ वर्षें मोकळें झालें नव्हतें.

परक्याविषयींचें भय नुसतें कल्पनेंतलें असतें असेंहि म्हणतां येत नाहीं. नोव्हेंबर १९९७ मध्यें आमच्या गांवांतल्या एका वाडींत खणतांना तांब्याची पेटी सांपडली आणि तिच्यांत गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. सुवर्णगणेशाचें गांव म्हणून दिवेआगरचें नांव सर्वत्र झालें. पुढें मार्च २०१२ मध्यें एका रात्रीं दरोडेखोर आले. त्यांनीं मंदिराच्या दोघां राखणदारांना ठार केलें आणि मुखवटा नेला. सोनें हातीं लागलें तें वितळवलेलें. नवा मुखवटा घडून त्याची स्थापना व्हायला २०२१ चा नोव्हेंबर उजाडला. सोनें परत आलें. तीं दोन माणसें परत यायचीं नव्हतीं. ज्या गांवानें ही रात्र पाहिली, त्यानें पुढें कांहीं काळ प्रत्येक अनोळखी तरुणाकडे डोळे बारीक करून पाहिलें, तर त्याला दोष कोण देईल ? त्या दिवसांत आमचा जुना प्रश्न निराळ्याच स्वरांत ऐकूं येई. त्यांतला 'रे' नाहींसा झाला होता.

हें सारें सांगितलें तें अशासाठीं कीं, मला जें सांगायचें आहे तें या पार्श्वभूमीवर वाचलें जावें. गेल्या कांहीं वर्षांत या गांवांत आणि आसपास मला आणि माझ्यासारख्यांना ज्यांनीं सहज हात दिला, ते बहुतेक अनोळखी तरुण होते. गोष्टी अगदीं लहान आहेत. आगरदांड्याहून दिघीला येणाऱ्या फेरीबोटींतून उतरतांना ओल्या उतारावर पाय ठरत नाहीं. अशा वेळीं मागून कुणीतरी कोपराला हात लावतो आणि सपाट जमीन लागतांच तो हात निघून जातो. बोर्ली पंचतनच्या बाजारांतून औषधें घेऊन उन्हांत एस्. टी. ची वाट पाहत उभें असावें, आणि स्कूटरवरच्या एखाद्या मुलीनें थांबून म्हणावें, "काका, दिवेआगर ना ? बसा." पावसाळ्यांत रस्त्यावर डबकें साचलेलें असतें, दुरून भरधाव येणारी मोटारसायकल म्हातारी बाई दिसतांच एकदम मुंगीच्या पायांनीं जाऊं लागते. बँकेंतून भ्रमणध्वनीवर आलेला इंग्रजी संदेश हातांत धरून एखादे आजोबा दुकानाच्या पायरीवर हताश बसलेले असतात. शेजारीं वडापाव खाणारा मुलगा तो वाचून दाखवतो, "पेन्शन जमा झाली आजोबा," म्हणून सांगतो आणि पुन्हां वडापावाकडे वळतो.

पुळणीवरची एक गोष्ट तर नेहमींची आहे. शहरांतून आलेले हौशी लोक मोटार थेट ओल्या वाळूवर नेतात, आणि तिचीं चाकें रुतून बसतात. भरती येऊं लागते. मग कुठूनतरी चार-सहा पोरें जमतात, चाकांपुढची वाळू हातांनीं उपसतात, फळ्या घालतात आणि गाडी बाहेर काढतात. कांहींजण त्याचे पैसे घेतात, आणि त्यांनीं कां घेऊं नयेत ? पण एकदां गाडींतल्या गृहस्थांनीं पाकीट उघडेपर्यंत तीं पोरें पुन्हां आपल्या क्रिकेटकडे गेलेलीं मीं पाहिलीं. ते गृहस्थ नोट हातांत धरून बराच वेळ उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षां अवघडलेपणच अधिक होतें. फेडतां न येणारें ऋण शहरांतल्या माणसाला फार जड जातें.

या सगळ्या प्रसंगांत मला एक साम्य दिसलें. हात देणाऱ्यांनीं आधीं कांहीं विचारलें नाहीं, आणि आपणांला विचारण्याइतका वेळहि दिला नाहीं. "कुणाचा रे तूं" हा प्रश्न ओठांवर येईपर्यंत ते वळणापलीकडे गेलेले असतात. खातें उघडण्यापूर्वींच व्यवहार संपलेला असतो.

तरीहि हीं झालीं सुखाच्या दिवसांतलीं सौजन्यें. त्यांची परीक्षा ३ जून २०२० रोजीं झाली.

त्या वर्षीं मार्च महिन्यांत करोनाच्या साथीमुळें महाविद्यालय बंद झालें आणि मी आईकडे येऊन राहिलों होतों. तिला त्र्याऐंशी वर्षें झालेलीं. त्या उन्हाळ्यांत माणसानें माणसापासून दूर राहावें हीच नीति होती. मुंबईहून परतलेल्या चाकरमान्यांना कोंकणांत ठिकठिकाणीं चौदा-चौदा दिवस शाळेच्या इमारतींत काढावे लागले. स्वतःच्या आईच्या दारांत उभें राहून जेवणाचा डबा दुरून घ्यावा लागला. ज्यांना "तूं कुणाचा" याचें उत्तर बिनचूक देतां येत होतें, त्यांनाहि "पण तूं कुठून आलास" या नव्या प्रश्नानें वेशीवर अडवलें.

आणि त्यांत निसर्ग चक्रीवादळ आलें. ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाचा तो वारा रायगडच्या किनाऱ्यावर चढला. आम्ही दोघें मधल्या खोलींत बसून होतों. वाऱ्याचा आवाज मला आतां आठवत नाहीं. आठवतो तो पोफळी मोडण्याचा. एक मोडली, दुसरी मोडली, असें मोजतां मोजतां आईनें मोजणें सोडून दिलें. कौलें पानांसारखीं उडालीं. दुपार कलल्यावर वारा पडला, आणि मागचें दार ढकलून मीं बाहेर पाहिलें तेव्हां माझ्या मनाला पहिला धक्का बसला तो उजेडाचा. आमच्या वाडींत भर दुपारीं कधीं ऊन उतरत नसे. आतां तेथें माळरानावर असावा तसा लख्ख प्रकाश होता. आजोबांनीं लावलेलीं झाडें एकमेकांवर आडवीं पडलीं होतीं. श्रीवर्धनची रोठा सुपारी साऱ्या महाराष्ट्रांत नांवाजलेली. पण पोफळ लावल्यापासून तिला सुपारी धरायला सहा-सात वर्षें जातात. तेव्हां त्या दुपारीं आडवें पडलें तें केवळ एका वर्षाचें पीक नव्हतें.

वाट बंद, वीज बंद, टेलिफोन बंद. अंगणांतून रस्त्यावर जायला हातभर मोकळी जागा उरली नव्हती. तासाभरानें पलीकडून कोयत्यांचे आवाज येऊं लागले. फांद्या तोडीत तोडीत पांच-सहा तरुण अंगणापर्यंत आले. साथीमुळें सर्वांनीं तोंडाला रुमाल बांधलेले. दिसत होते ते नुसते डोळे. त्यांतल्या एकानें बाहेरूनच हांक दिली, "आंत किती माणसं आहेत ?" मीं दोन म्हणून सांगितलें. "कुणाला लागलंय का ?" नाहीं म्हणालों. "बरं. काका, बाजूला व्हा, हा ओंडका खालीं येईल." वाट मोकळी झाली आणि ते पुढच्या घराकडे गेले. तेथेंहि त्यांनीं तेंच विचारलेलें मला ऐकूं आलें : आंत किती माणसं आहेत ?

वीज त्यानंतर कित्येक आठवडे आली नाहीं. वीज नाहीं म्हणजे पंप नाहीं. आणि विहिरीवरचे जुने रहाट पंप आले तेव्हांच मोडीत निघालेले. आमच्या विहिरीवर तर नारळाचें झाड आडवें पडलें होतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं एक मुलगा दोन हातांत दोन कळश्या घेऊन दारांत उभा राहिला. पलीकडच्या आळींतल्या विहिरीचें पाणी शेंदून तो घरोघर देत होता. रुमाल तसाच बांधलेला. आई ओटीवर बसली होती. तिनें आयुष्यभर ज्याला त्याला विचारला तोच प्रश्न तिनें त्यालाहि विचारला, "कुणाचा रे तूं ?"

तो म्हणाला, "इथलाच, आजी."

उत्तरांत उद्धटपणा नव्हता आणि लपवाछपवीहि नव्हती. त्याला अजून बरीच घरें करायचीं होतीं, एवढेंच. आईनें क्षणभर त्याच्या हातांतल्या कळशीकडे पाहिलें. त्या एका क्षणांत काय काय येऊन गेलें असेल, याची मला कल्पना आहे. तिच्या आजीच्या घरची शिस्त मीं तिच्याच तोंडून ऐकलेली आहे. मग ती किंचित् सरकून बसली आणि म्हणाली, "इथं नको ठेवूंस. आंत ये, माजघरांत माठ आहे, त्यांत ओत." तो चप्पल काढून आंत गेला, माठ भरला, आणि निघून गेला. पुढें पांच-सहा दिवस पाणी येत राहिलें. कधीं तो येई, कधीं दुसरा. रुमालांमुळें त्यांतला कोण कोणता तें आम्हांला सांगतां येत नसे.

माझ्या मनांत या प्रसंगाचें मोल आहे तें या न ओळखण्यांत. पुढें साथ ओसरली, रुमाल सुटले, चेहरे दिसूं लागले. पण कोणता चेहरा त्या रुमालामागें होता तें कळायला मार्ग उरला नाहीं. आईची मोठी पंचाईत झाली. तिला नारळाच्या वड्या पाठवायच्या होत्या. पण त्या पाठवायच्या कुणाकडे? शेवटीं तिनें आपल्यापुरता तोड काढला. गॅसचें नळकांडें घेऊन येणारा, विजेचा आंकडा टिपून घेणारा, पोफळींवर चढणारा, वाट चुकून पाणी मागणारा, असा कोणताहि विशीतला मुलगा दारांत आला कीं त्याच्या हातावर वडी पडते. मी एकदां हंसून म्हटलें, "अग, हा तर परगांवचा दिसतो." ती म्हणाली, "असूं दे. तो नसेल कशावरून ?" या तर्कांत शास्त्रशुद्ध असें कांहीं नाहीं. पण कृतज्ञतेला पत्ता मिळाला नाहीं म्हणजे ती किती घरांत शिरूं शकते, हें मला त्या वडीनें दाखवलें.

माझ्या धंद्यामुळें तरुणांच्या सेवेचा आणखी एक प्रकार मीं जवळून पाहिला आहे. राष्ट्रीय सेवा योजना आपल्या देशांत २४ सप्टेंबर १९६९ रोजीं सुरू झाली. विद्यार्थ्यानें वर्षाला एकशें वीस तास समाजसेवा करावी, तिची नोंद ठेवावी, अशी तिची रीत. त्या नोंदींखालीं मींहि सह्या केल्या आहेत. या योजनेला मी कमी लेखीत नाहीं. पुष्कळ मुलांना आपल्या घराबाहेरचा माणूस पहिल्यानें भेटतो तो तिच्याच शिबिरांत. पण ज्या सेवेचे तास मोजले जातात, तिला शेवटीं एक खातेंवही असतेच. आमच्या माठांत पडलेल्या पाण्याची नोंद कुठेंच नाहीं, आणि तें कुणीं घातलें तें घालणाराखेरीज कुणाला माहीत नाहीं.

तरुणांच्या अंगीं हा गुण कोठून आला ? माझे एक समवयस्क स्नेही म्हणतात कीं, मी एका वादळावरून साऱ्या पिढीला प्रशस्तिपत्र देऊन बसलों आहें. रात्रीं-अपरात्रीं मोटारसायकली फुरफुरवीत जाणारे, पुळणीवर बाटल्या फेकणारे, तेहि याच वयाचे नव्हेत काय ? आहेत, आणि त्यांतला एखादा त्या दिवशीं कोयता घेऊन आमच्या अंगणांत नव्हता, असें मी छातीठोकपणें म्हणूं शकणार नाहीं. मी कुणाला प्रशस्तिपत्र देत नाहीं. मला एवढेंच दिसतें कीं, आजच्या कोंकणांतल्या तरुणाला परकेपण आमच्यापेक्षां लौकर भेटतें. तो शिकायला एका गांवीं, नोकरीला दुसऱ्या शहरांत, आणि तेथें त्याची वळकटी ठेवून घेणारी गांवकऱ्यांची खोलीहि आतां बहुधा नसते. आमच्या किनाऱ्यावरच्या खानावळींत आणि निवासांत राबणारीं कित्येक मुलें तर पार दूरच्या प्रांतांतून आलेलीं आहेत. त्यांनीं बापाचें नांव सांगितलें तरी ऐकणाराला त्यांतून काय बोध होणार? ज्याला स्वतःला त्या प्रश्नाचें उत्तर पुरवून पुरवून कंटाळा आला आहे, तो दुसऱ्याला तो विचारायला सहसा थांबत नाहीं.

म्हणून आमचा जुना प्रश्न टाकून द्यावा, असें मात्र मी म्हणणार नाहीं. माणसाला आपण कुणाचे तरी आहों हें सांगतां येणें, ही लहानसहान संपत्ति नव्हे. म्हातारपणीं तर ती एकच संपत्ति पुष्कळांपाशीं उरते. ओळख निघावी, आजोळ निघावें, दोन घटका गप्पा व्हाव्या. यांत गोडी आहेच. परंतु घरावर झाड पडलेलें असतांना, किंवा भरती येत असतांना, किंवा नुसती वाट निसरडी असतांना, प्रश्नांचा क्रम कोणता असावा, हें त्या रुमालवाल्या पोरांनीं ठरवून दिलें आहे. आधीं विचारावें, आंत किती माणसें आहेत. मग, कुणाला लागलें आहे काय. हीं दोन उत्तरें मिळालीं आणि जें करायचें तें करून झालें, कीं ओटीवर बसून सावकाश तिसरा प्रश्न विचारायला कुणाची हरकत नाहीं.